वाऱ्याची ढाल आणि न धावलेली शर्यत : कॅफे-रेसर फेअरिंगची वऱ्हाडातून चिकित्सा

मोटरसायकलच्या पुढच्या दिव्याभोवती जे कवच बसवतात, त्याला मराठीत अजून स्वतःचे नाव मिळालेले नाही. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानात कुणी त्याला 'डूम' म्हणते, कुणी 'वायझर', आणि पारदर्शक असले तर नुसतेच 'काच'. 'फेअरिंग' हा शब्द उच्चारणारे गिऱ्हाईक दुकानदाराला लगेच वेगळे कळते. डूम मागणाऱ्याचा जुना डूम फुटलेला असतो. फेअरिंग मागणाऱ्याला मात्र जे गाडीवर मुळात नव्हतेच ते बसवायचे असते. पहिल्याची गरज असते, दुसऱ्याची निवड. आणि निवड आली की निकष आले, निकष आले की समीक्षा आली.

अलीकडे या निवडीत एका शैलीची चलती आहे. गोल दिवा, त्याभोवती घुमटासारखे कवच, वर अर्धचंद्राकृती काच, बाजूला पांढऱ्या वर्तुळात रंगवलेला एखादा आकडा. तिला 'रेट्रो कॅफे' म्हणतात. रेट्रो म्हणजे मागे वळून पाहणारे. प्रस्तुत लेखाचा प्रश्न इथूनच सुरू होतो : ही वस्तू नेमकी कोणाच्या मागल्या काळाकडे वळून पाहते? ती वाऱ्याचे काम खरोखर करते की केवळ सोंग घेते? आणि वऱ्हाडच्या रस्त्यावर, वऱ्हाडच्या उन्हात ती निवडायची झाली, तर कोणत्या कसोटीवर?

१. ढाब्यावरचे शर्यतवाले

'कॅफे' म्हटले की आज आपल्या शहरांत कोल्ड कॉफी, पिवळे दिवे आणि कॉलेजची जोडपी डोळ्यांपुढे येतात. मूळ कॅफे असा नव्हता. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचा 'एस कॅफे' १९३८ साली सुरू झाला तो ट्रकवाल्यांसाठी. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तो उद्ध्वस्त झाला, १९४९ साली पुन्हा उभा राहिला आणि १९६९ साली बंद पडला. (२००१ साली तो पुन्हा उघडला, पण तो स्मारक म्हणून.) रात्री-बेरात्री चहा आणि गरम जेवण मिळणारे हमरस्त्यावरचे ठिकाण, म्हणजे आपल्या भाषेत सरळ ढाबाच. पन्नाशी-साठीच्या दशकांत कामगार वर्गातली पोरे तिथे मोटरसायकली घेऊन जमू लागली आणि एका ठेप्यापासून दुसऱ्या ठेप्यापर्यंत शर्यती लावू लागली. 'कॅफे रेसर' हे बिरुद त्यांना कौतुकाने नव्हे, तर ट्रकवाल्यांनी हिणवण्यासाठी दिले, असे सांगितले जाते. तुम्ही कसले शर्यतवाले, तुम्ही चहाच्या टपऱ्यांचे शर्यतवाले, असा त्याचा सूर.

या पोरांनी गाडीचे जे केले ते मुख्यतः वजाबाकीचे होते. जड मडगार्ड काढले, लांब सीट काढली, उंच हँडल काढून आखूड 'क्लिप-ऑन' हँडल खाली बसवले, पायदाने मागे नेली. ज्याला जमले त्याने नॉर्टनच्या 'फेदरबेड' चौकटीत ट्रायम्फचे इंजिन बसवून 'ट्रायटन' नावाची संकरित गाडी तयार केली. एवढ्या वजाबाकीत बेरीज म्हणून जी मोजकी वस्तू आली ती फेअरिंग, आणि तीही शर्यतीच्या मैदानातून उचललेली.

त्या मैदानाची हकीकत थोडक्यात सांगायला हवी. पन्नाशीच्या दशकात ग्रां प्री शर्यतींतल्या गाड्यांना पुढच्या चाकासकट झाकून टाकणारी पूर्ण कवचे असत. इटलीतल्या मोटो गुझ्झी कंपनीने तर अशा आकारांच्या अभ्यासासाठी स्वतःचा वायुबोगदा उभारला होता. या कवचांनी वेग वाढला, पण आडव्या वाऱ्यात गाडी शिडासारखी भरकटू लागली. १९५८ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय महासंघाने चाक झाकणाऱ्या कवचांवर बंदी घातली. मग चाक उघडे ठेवणारी, डॉल्फिनच्या तोंडासारखी फेअरिंग रूढ झाली. कॅफेवाल्यांची फेअरिंग म्हणजे तिचा वरचा अर्धा भाग. कारखान्यातूनच असे लहान कवच घेऊन बाहेर पडणारी पहिली गाडी म्हणून बीएमडब्ल्यूच्या १९७३ च्या 'आर ९० एस'चे नाव घेतले जाते. तोवर ही वस्तू हौशी लोकांनी फायबरमध्ये ओतून स्वतः बसवायची होती.

म्हणजे ज्याला आपण आज 'अस्सल जुने' म्हणून विकत घेतो ते मुळातच अनुकरण होते. शर्यतीच्या गाडीची नक्कल ढाब्यावरच्या पोराने केली. त्या नकलेची नक्कल आपण करतो. यात लाज वाटण्याचे कारण नाही, कारण कलेच्या इतिहासात हे नेहमीच घडते. पण नक्कल करताना मूळ कशासाठी होते याचा विसर पडला, की उरते ते केवळ बाह्यांग.

२. वाऱ्याचा हिशेब

फेअरिंगचे मूळ काम वारा कापणे. वाऱ्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग दुप्पट झाला की रोध चौपट, शक्ती आठपट. ढोबळ हिशेब केला तर ताठ बसलेल्या माणसाच्या छातीवर ताशी ४० किलोमीटरला दोनेक किलोंचा दाब येतो, ८० ला सात-आठ किलोंचा आणि १२० ला सोळा-सतरा किलोंचा. गावात, बाजारात, बसस्थानकाच्या गर्दीत फेअरिंग काहीच करीत नाही. ती बोलू लागते ती सत्तर-ऐंशीच्या पुढे.

आता वऱ्हाडात असा वेग देणारा रस्ता आहे का? वीस वर्षांपूर्वी हा प्रश्न थट्टेचा ठरला असता. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, ७५ किलोमीटर लांबीचा एकेरी मार्गिकेचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज विक्रम म्हणून नोंद झाली. ज्या रस्त्याच्या खड्ड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या विनोद झाले, त्याच रस्त्याला आता वाऱ्याची भाषा आली आहे. इथे फेअरिंगचा विचार केवळ हौस राहत नाही, याचे हे भौतिक कारण.

पण फेअरिंग एकटी काम करीत नाही, ती बसण्याच्या ढबीबरोबर काम करते. काचेच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो तो सरळ रेषेत नाही, भोवऱ्यांसकट. कॅफे फेअरिंगची काच ठेंगणी असते, कारण तिच्यामागचा माणूस टाकीवर वाकलेला असणार हे तिने गृहीत धरलेले असते. हँडल उंच ठेवून, ताठ बसून, नुसती फेअरिंग बसवली तर छातीवरचा वारा थोडा कमी होतो, आणि तोच वारा भोवऱ्यांच्या रूपाने हेल्मेटवर आपटतो. आवाज वाढतो, मान दुखते. शांत रस्त्यावर, एकाच वेगात, एकदा ताठ आणि एकदा किंचित वाकून हेल्मेटमधला आवाज ऐकावा. दोहोंत मोठा फरक पडला तर ती काच आपल्या उंचीसाठी आखलेली नाही, एवढे समजावे.

दुसरा भेद बसवण्याचा. काही फेअरिंग हँडलला किंवा फोर्कला बांधतात, काही गाडीच्या चौकटीला. हँडलवरची हलकी, स्वस्त, कुठल्याही गॅरेजात बसणारी. पण वाऱ्याचा धक्का ती थेट हँडलमध्ये उतरवते, आणि आकार मोठा असला तर वेगात हँडल थरथरते. चौकटीवरची स्थिर, पण तिच्यात दिवाही चौकटीलाच जखडला जातो. हँडल वळले तरी प्रकाश सरळच पडतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट रात्री चढणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वळणावर प्रकाश दरीकडे आणि चाक डोंगराकडे.

तिसरी गोष्ट उन्हाची. इंग्रजाने फेअरिंग बसवली ती थंडी-पावसाचा मारा चुकवायला. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण पस्तीस अंश. हवा त्याहून तापलेली असली की वारा घाम सुकवतो खरा, पण उष्णताही अंगात ओततो. भर दुपारी मूर्तिजापूरजवळच्या उघड्या माळावर अंगावर येणारी झळ अडवणे, हे इथे फेअरिंगचे खरे काम होऊ शकते. म्हणजे वस्तू तीच आणि कारण अगदी उलटे. मात्र इंजिन हवेवर थंड होणारे असेल तर कवच दिव्यापुरतेच असावे. ते खाली उतरून इंजिनाच्या पाकळ्या झाकू लागले, तर माणसाची झळ वाचेल आणि इंजिनाची वाढेल.

३. सुंदर, पण कशाच्या आधाराने?

इतका तांत्रिक ऐवज समीक्षेत कशाला, असा आक्षेप येईल. त्याला मराठी सौंदर्यशास्त्रातूनच उत्तर देता येते.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये लयीची तीन तत्त्वे मांडली : संवाद, विरोध आणि समतोल. ती कॅफे रेसरला लावून पाहिली तर आश्चर्य वाटावे इतकी चपखल बसतात. गोल दिवा, गोलसर कवच आणि टाकीची फुगीर कड यांच्यात संवाद असतो. पुढे उचललेले कवच आणि मध्ये खचलेली सीट यांच्यात विरोध. आणि पुढच्या घुमटाला शेपटीकडच्या उंचवट्याने दिलेला तोल म्हणजे समतोल. नेहमीच्या लांब सपाट सीटच्या गाडीवर नुसती फेअरिंग बसवली की ती 'तोंडावर जड' का दिसते, हे मर्ढेकर विनासायास सांगतात : समतोल साधणारा दुसरा घटक तिथे नसतोच.

पण मर्ढेकरांची कसोटी इथवरच नेते. तिच्या मते कागदी घोटीव फेअरिंग आणि खरी फेअरिंग सारख्याच सुंदर ठरतील, कारण दोहोंतले आकारसंबंध तेच. इथे रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'चा (१९७४) आधार घ्यावा लागतो. कान्टच्या विवेचनातला स्वायत्त आणि परायत्त सौंदर्याचा भेद पाटणकरांनी मराठी वाचकांपुढे सविस्तर मांडला. फूल किंवा पानाफुलांची नक्षी स्वायत्तपणे सुंदर. ती कशासाठी आहे हे विचारावे लागत नाही. परायत्त सौंदर्याच्या कान्टने दिलेल्या उदाहरणांत माणूस आहे, इमारत आहे आणि घोडाही आहे. घोडा म्हणजे काय, तो कसा असायला हवा, याची कल्पना मनात असल्याशिवाय त्याच्या बांध्याला देखणे म्हणता येत नाही. पळू न शकणारा घोडा देखणा असला तरी घोडा म्हणून देखणा नसतो.

मोटरसायकलची फेअरिंग घोड्याच्या जातीची आहे, फुलाच्या नाही. तिचे सौंदर्य वाऱ्याच्या अधीन आहे. जी काच वारा हेल्मेटवर फेकते, जिच्या आतल्या कडेला पूर्ण वळलेले हँडल घासते, जिच्या काळ्या रंगातून रात्री रस्ता दिसत नाही, ती 'दिसायला छान पण अडचणीची' नव्हे. ती फेअरिंग म्हणूनच कुरूप आहे. हे विधान मला या लेखात महत्त्वाचे वाटते, कारण आपल्याकडे वस्तूंविषयी बोलताना 'रूप वेगळे, उपयोग वेगळा' असे दोन कप्पे करण्याची सवय पडली आहे, आणि तिचा फायदा विकणाराच घेतो.

४. भूतकाळ कोणाचा?

आता 'रेट्रो'कडे वळू. वऱ्हाडात मोटरसायकलची खरी आठवण कोणती? दुधाचे कॅन लटकवलेली राजदूत, पाटलाची किंवा फौजदाराची बुलेट, प्राध्यापकाची येझदी, आणि नंतर पोरांच्या कानात बसलेला आरएक्स १०० चा आवाज. यांतल्या कशावरही पांढऱ्या वर्तुळातला आकडा नव्हता. स्कूटरवर मात्र उभी पारदर्शक काच असे. तिच्यामागे ताठ बसलेला कारकून आणि पुढे उभे राहिलेले पोर. आपली 'रेट्रो' काच शोधायची तर ती इथे सापडते. आणि त्याहून जुनी सापडते ती गाडीवर नव्हे, अंगावर : कानशिलांवरून गुंडाळलेला दुपट्टा. वऱ्हाडी माणसाने वाऱ्याशी आणि उन्हाशी केलेला करार कापडात आहे.

मग कॅफे शैली आपल्यासाठी सर्वस्वी उसनी आहे का? इथे इतिहास एक गमतीदार वळण घेतो. इंग्लंडातल्या रेडिचच्या रॉयल एन्फील्डने १९६४ साली 'कॉन्टिनेन्टल जीटी' ही २५० सीसीची गाडी काढली. खाली ओढलेली हँडले आणि लाल फायबरची टाकी असलेली ती कारखान्यातूनच आलेली कॅफे रेसर होती. ती इंग्रजी कंपनी १९७० च्या सुमारास संपली. मात्र १९५५ साली मद्रासला सुरू झालेली तिची भारतीय शाखा टिकली. २०१३ साली तिने त्याच नावाची ५३५ सीसीची गाडी आणली, २०१८ साली ६५० ची. आज ती गाडी भारतातून इंग्लंडला जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रायम्फने 'थ्रक्स्टन ४००' बाजारात आणली. कॅफे पद्धतीची फेअरिंग तिला कारखान्यातच बसवलेली असते. नाव हॅम्पशायरमधल्या, जुन्या युद्धकालीन विमानतळावरच्या शर्यतीच्या मैदानाचे. आणि ती तयार होते बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. इंग्रजी तारुण्याची आठवण आज चेन्नईत आणि पुण्याजवळ जुळणी होऊन बाहेर पडते. आठवण त्यांची, हात आपले. तेव्हा 'हे आपले नाही' असे म्हणून सुटका होत नाही.

आणखी एक निरीक्षण. २००३ साली हिरो होंडाची करिझ्मा आली तेव्हा तिची अर्धी फेअरिंग आपल्या पोरांना भविष्यकाळासारखी वाटली होती. आज तसेच कवच, थोडे अधिक गोल होऊन, भूतकाळ म्हणून विकले जाते. वीस-बावीस वर्षांत एकच वस्तू 'नवी'ची 'जुनी' झाली, आणि मधल्या काळात ती जुनी होण्याइतकी वापरली मात्र गेलीच नाही. आठवणीशिवायचे स्मरण, असे या रेट्रोचे वर्णन करता येईल.

तरीही वेगासाठी वजाबाकी करण्याची कल्पना वऱ्हाडाला परकी नाही. ओझ्याची बंडी वेगळी, माणसे नेणारी दमणी वेगळी आणि शंकरपटातला छकडा वेगळा. छकड्यात बैलजोडी आणि धुरकरी यांच्यापलीकडे जे जे काढता येईल ते काढलेले असते. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात त्यांना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलांच्या हालाचा प्रश्न त्याने संपत नाही, पण तो इथला विषय नव्हे. इथे मुद्दा रूपाचा आहे : छकडा शेतात नेऊन त्यावर कापसाची बोंद्री लादण्याचा वेडेपणा कोणी करीत नाही. कोणते रूप कोणत्या कामाचे, हे आपल्या शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. मोटरसायकलपाशी आल्यावर ते ज्ञान का हरवते?

फेअरिंगवरचा तो पांढऱ्या वर्तुळातला आकडा या हरवण्याची खूण आहे. छकड्याला मिळालेला क्रमांक धावलेल्या शर्यतीचा असतो. हा क्रमांक न धावलेल्या शर्यतीचा. आपल्याकडे गाडीच्या तोंडावर लिहिण्याची परंपरा जिवंत आहे : गजानन महाराजांचे चित्र, आई-वडिलांचे नाव, महापुरुषांचे स्मरण, गावाचे नाव. त्यांची अभिरुची कुणाला भडक वाटो, पण ती सगळी खरी विधाने आहेत. उसना आकडा हे खोटे विधान आहे, कितीही संयत दिसले तरी.

५. मागची जागा

या साऱ्यात ज्याची किंमत सर्वात मोठी, ती गोष्ट फेअरिंगच्या समोर नसून मागे आहे. कॅफे रेसर ही एकट्याची गाडी. तिच्या समतोलासाठी मागे उंचवटा लागतो, आणि उंचवटा आला की मागची सीट गेली. साडी-गार्ड 'रेषा बिघडवते' म्हणून तेही काढले जाते. फेअरिंग विकत घेणारा बहुधा एवढ्यावर थांबत नाही. एक वस्तू दुसरीला ओढते.

वऱ्हाडात मोटरसायकल म्हणजे कुटुंबाचे वाहन. मागे बायको किंवा आई एका बाजूला पाय सोडून बसते, तिच्या मांडीवर पोर, पोराच्या हातात पिशवी. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला आधार, पायदान आणि कपडा चाकात जाऊ नये म्हणून संरक्षक जाळी मागतो, तो उगीच नव्हे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीत नोंदणीपत्राशी विसंगत होईल असा बदल करण्याला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलांना दंडाची तरतूद आली. लहानशा काचेने नोंदणीपत्रातला तपशील सहसा बदलत नाही, पण चौकट कापणे, सीट बदलून गाडी एकट्याची करणे याविषयी परिवहन कार्यालयात आधी विचारलेले बरे.

कायदा बाजूला ठेवला तरी समीक्षकाचा प्रश्न उरतोच : ज्या रूपात मागे बसणाऱ्या बाईला जागा नाही, ते रूप आपण कोणत्या घरात आणतो आहोत? इंग्लंडातल्या त्या पोराच्या घरी मोटरसायकल त्याची एकट्याची असू शकत होती. आपल्याकडे बहुतेक घरांत ती आईच्या दवाखान्याची, बहिणीच्या परीक्षेची आणि खताच्या पोत्याचीही असते. रेट्रोच्या नावाखाली घरातले एक माणूस हळूच गाडीवरून उतरवले जाते, आणि त्याला 'शुद्ध रेषा' हे नाव मिळते. शुद्धतेच्या भाषेत कोण वगळले जाते, हे विचारण्याची सवय मराठी समीक्षेला साहित्यात लागलेली आहे. ती वस्तूंपर्यंत पोहोचायला हरकत नाही.

६. निवडीचे निकष

तर मग निवडावे कसे? पहिला निकष रस्त्याचा. रोजचे येणे-जाणे गावातले असेल तर फेअरिंग अलंकार आहे हे मान्य करून, अलंकाराइतकीच लहान घ्यावी. आठवड्यातून दोनदा अमरावती-अकोला करणाऱ्याने तिच्याकडून काम मागावे.

दुसरा ढबीचा. ताठ बसायचे असेल तर काच थोडी उंच हवी, भले ती 'कॅफे' न दिसो. ठेंगणी काच हवीच असेल तर हँडल, पायदान आणि कंबर या तिघांची संमती घ्यावी.

तिसरा वळणाचा. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. काही अडत नाही, क्लचची केबल आणि वायरी ताणल्या जात नाहीत, नंबरप्लेट झाकली जात नाही आणि दिव्याचा झोत पूर्वीच्याच जागी पडतो, हे पाहावे. घाटात जाणाऱ्याने हँडलबरोबर वळणारा दिवा सोडू नये.

चौथा द्रव्याचा. फायबर जड, पण तडकले तर चटई आणि रेझिन लावून इथला कारागीर ते जोडतो. एबीएस प्लास्टिक हलके, पण त्याचे कान तुटले की जोडकाम टिकवणे अवघड. काच ॲक्रिलिकची असेल तर स्वच्छ दिसते, पण फुटली की धारदार तुकडे होतात. पॉलिकार्बोनेट सहज फुटत नाही, मात्र त्यावर ओरखडे पडतात, पेट्रोलचे शिंतोडे त्याला सोसत नाहीत, आणि वरचा थर बरा नसेल तर आपल्या उन्हात ते पिवळे पडते. अपघाताचा विचार केला तर यांत पॉलिकार्बोनेटच पत्करावे.

पाचवा निकष मागच्या जागेचा. तिच्याशी तडजोड मागणारी कोणतीही फेअरिंग, ती कितीही देखणी असो, बाद करावी.

या पाच निकषांतून चाळून पाहिले तर बाजारातल्या बहुतेक 'रेट्रो' फेअरिंग गळून पडतात, आणि त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. त्यातून एक रिकामी जागा तेवढी स्पष्ट दिसते. अशी फेअरिंग, जी लांब सीट गृहीत धरून आखलेली आहे, जिचा तोल मागे बसलेल्या माणसासकट साधतो, जिची काच ताठ बसणाऱ्याच्या छातीवरची मे महिन्यातली झळ अडवते, जी तडकली तर बडनेऱ्यात दुरुस्त होते आणि जिच्या तोंडावर उसना आकडा नाही. फायबरचे काम जाणणारे हात आपल्याकडे आहेत. त्यांच्यापुढे आजवर दुसऱ्यांचे साचेच ठेवले गेले. पहिला साचा इथल्या रस्त्यावर, इथल्या बसण्यावरून काढायला कुणी तरी धजावले पाहिजे. ती वस्तू कॅफे रेसरसारखी दिसणार नाही. ती कशी दिसेल हे आज सांगता येत नाही, पण ती सुंदर आहे की नाही हे ठरवण्याची कसोटी मात्र आपल्याजवळ आहे.